जुनी गाडी घेऊन घरच्यांसोबत ड्रॅग स्ट्रिपवर जाताय? आधी कुठलं काम, नंतर कुठलं

हे अमेरिकेतल्या त्या मंडळींसाठी लिहितोय ज्यांच्या गॅरेजमध्ये साठ-सत्तरच्या दशकातली मस्टँग, नोव्हा, डार्ट असलं काहीतरी उभं आहे आणि शनिवारी घरच्या सगळ्यांना घेऊन एकदा ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन-दोन गाड्या शेजारी सरळ पळवायच्या ट्रॅकवर, पाव मैल पळवून बघायची खाज आहे. चुका सगळ्यांच्या त्याच त्याच असतात. पैसे कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरवर जातात, ब्रेक तसेच राहतात, मग एकतर टेक इन्स्पेक्शनलाच, म्हणजे पळण्याआधीच्या तपासणीलाच, गाडी परत पाठवतात नाहीतर पहिल्या राउंडला घरी, आणि घरचे दिवसभर उन्हात बसून कंटाळलेले. क्रम बरोबर ठेवला तर ह्यातलं बरंचसं टळतं, म्हणून क्रमानेच सांगतो.

## आधी खेळ काय आहे ते नीट समजून घ्या

जुन्या घरगुती गाडीसाठी जो प्रकार आहे त्याला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात आणि त्यात सगळ्यात जोरात पळणारी गाडी जिंकतेच असं नाही. तुम्ही आधी सांगायचं की माझी गाडी एवढ्या सेकंदात जाईल, हा झाला डायल-इन. समोरच्याचा आकडा तुमच्यापेक्षा कमी असेल तर जेवढा फरक तेवढं आधी तुम्हाला सोडतात. आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर तो ब्रेकआऊट, म्हणजे हरलात. दोघांनीही ब्रेकआऊट केला तर ज्याचा कमी तो जिंकतो.

एक हिशोब बघा. तुमचा डायल-इन १५.२०, समोरच्याचा १३.७०. तुम्ही दीड सेकंद आधी सुटणार. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही ०.०९० सेकंदाने हललात आणि गाडी १५.२४ गेली, म्हणजे एकूण वाया घालवले ०.१३०. समोरचा ०.०५० ला हलला, दिव्यावर तुमच्यापेक्षा भारी, पण त्याची गाडी १३.८१ गेली, म्हणजे ०.१६०. तुम्ही जिंकलात, तीन शतांश सेकंदाने, म्हणजे त्याच्या वेगात साधारण चार फुटांनी. त्याचं इंजिन तुमच्या दुप्पट असेल, काही फरक पडला नाही.

ह्याचा अर्थ तुम्हाला हवी आहे दर वेळी तशीच पळणारी गाडी. सोळा सेकंदांची असली तरी चालेल. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचे सगळे टप्पे आपोआप कळतात, आणि बरेच पैसे वाचतात ते वेगळंच.

## टप्पा १: महिनाभर आधी गाडीचं काम, ह्याच क्रमाने

पहिलं ब्रेक. साधी नोव्हा पाव मैलाच्या शेवटी ताशी नव्वदच्या आसपास मैलांनी पळत असते आणि तुमच्याकडे बहुतेक चारही चाकांना ड्रम असतात, ते तापले की पकड जाते. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. रबरी होज जुने असतील तर बाहेरून छान दिसतात पण आतून फुगून बंद होत आलेले असतात, ते बदला. १९६७ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरला एकच सर्किट असतं, एक पाइप गेला की चारही चाकांचा ब्रेक जातो. असली गाडी असेल तर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवल्याशिवाय ट्रॅकवर नेऊच नये, निदान माझं मत तरी असंच आहे.

दुसरं टायर. क्लासिक गाडी वर्षाला थोडीच चालते त्यामुळे नक्षी नव्यासारखी असते आणि सगळे फसतात. टायरच्या बाजूला DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडमध्ये शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा-बारा वर्षांचा टायर कितीही सुंदर दिसला तरी नको.

तिसरं इंजिन माउंट, आणि हे कोणीच बघत नाही. १९६५ ते ६९ च्या शेवरोले गाड्यांत माउंटचं रबर फाटायचं, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका बाजूने उचललं जायचं आणि त्यासोबत थ्रॉटल ओढला जायचा, म्हणजे गाडी स्वतःहून अजून जोरात. जनरल मोटर्सला १९७१ मध्ये लाखो गाड्या ह्या एकाच कारणासाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, गिअरमध्ये हलकासा ॲक्सिलरेटर द्या आणि दुसऱ्याला बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतंय ते बघायला सांगा. बाजूला म्हणजे बाजूला, गाडीच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही.

मग प्रोपेलर शाफ्टचे यू-जॉइंट, मग पेट्रोलचे रबरी पाइप (आत्ताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, बोटाने दाबून बघा कडक किंवा चिकट झालंय का), मग थ्रॉटलची परत ओढणारी स्प्रिंग. इंजिनचं ट्यूनिंग सगळ्यात शेवटी. प्लग, पॉइंट्स, टायमिंग मॅन्युअलप्रमाणे करा आणि नंतर हात लावू नका. शुक्रवारी रात्री कार्ब्युरेटरला नवीन जेट टाकून शनिवारी रेसला जाणारे लोक मी खूप बघितलेत, शनिवारचा त्यांचा एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

तपासा: रिकाम्या सरळ रस्त्यावर कायद्याच्या वेगात पाठोपाठ चार-पाच वेळा कडक ब्रेक मारा. पेडल खाली जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, परत ब्रेकवर या.

## टप्पा २: टेक इन्स्पेक्शनची तयारी घरीच

ट्रॅकवर माणूस गाडी तपासतो आणि मगच नंबर देतो. त्याच्याशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. तो काय बघतो ते ठरलेलं आहे:

- बॅटरी धातूच्या पट्टीने आणि बोल्टने घट्ट बसलेली हवी. लवचीक दोरीने बांधलेली चालत नाही.
- रेडिएटरचं उतू जाणारं पाणी साठवायला बाटली हवी, निदान १६ औंसांची, म्हणजे साधारण अर्धा लिटर. साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांना ही मुळात नसतेच, पाणी सरळ रस्त्यावर सोडायचे.
- व्हील कॅप काढलेल्या, चाकाचे सगळे नट जागेवर आणि घट्ट.
- तेल, पाणी, काहीही गळता कामा नये. जुन्या गाडीला थोडं तेल गळतंच हे कारण घरी ठीक आहे, ट्रॅकवर तेच तेल मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जातं.
- सीट बेल्ट चालू स्थितीत हवेत.
- ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू झाली पाहिजे. जुन्या गाड्यांत हा स्विच कोणीतरी कधीतरी बायपास केलेला असतो.

अंगावर फुल पँट, बाह्यांचा शर्ट, बंद बूट. हाफ पँट आणि चप्पल घालून गेलात तर गाडी पास आणि तुम्ही नापास.

हेल्मेट एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमात पाव मैलाला १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ असेल तर सक्तीचं आहे, पण गाडी हळू असली तरी घ्याच, आणि त्यावर स्नेलचं (हेल्मेट तपासून प्रमाणित करणारी संस्था) स्टिकर कुठल्या सालचं आहे ते ट्रॅकला विचारून घ्या कारण जुनी रेटिंग बाद होत जातात. उघड्या टपाची कन्व्हर्टिबल असेल तर १३.४९ किंवा कमी वेळेला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी बार) लागतो, बंद टपाच्या गाडीला ११.४९ किंवा कमी वेळेला. स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले रेसचे टायर लावून १३.९९ च्या आत जाणार असाल तर प्रोपेलर शाफ्टला लूपही लागतो, म्हणजे शाफ्ट तुटला तर धरून ठेवणारी धातूची कडी. साधी घरगुती गाडी ह्यातल्या कशात सहसा येत नाही, पण मोठं इंजिन बसवलेलं असेल तर आधी बघा, नाहीतर एका मस्त रनसाठी उरलेला दिवस बाहेर बसावं लागेल.

सावधान: बहुतेक इन्शुरन्स पॉलिसीत रेस आणि वेळ मोजून पळवणं कव्हर होत नाही, क्लासिक गाड्यांच्या खास पॉलिसीतसुद्धा. फोन करून विचारा. घरून ट्रॅकपर्यंतचा रस्ता कव्हर आहे आणि गेटच्या आत नाही, असंच बहुधा उत्तर येईल, आणि ते घरात दोघांनाही माहीत असलेलं बरं.

## टप्पा ३: घरात कामं वाटून घ्या

हौस टिकते की एका सीझनमध्ये संपते हे इथे ठरतं. एकटा बाबा किंवा एकटी आई गाडी चालवणार आणि बाकीचे खुर्चीत बसणार, हे दोन शनिवार चालतं, तिसऱ्या शनिवारी कोणाला तरी क्रिकेटची मॅच असते.

एकाकडे टायरची हवा. दहा वर्षांचं पोरही गेजने हवा मोजू शकतं, आणि मोठ्यांपेक्षा नीट मोजतं कारण त्याला ते काम महत्त्वाचं वाटतं. एकाकडे वही. एकाकडे काचेवर डायल-इन लिहिणं, हे पांढऱ्या बुटाच्या पॉलिशने लिहितात, आकडे मोठे हवेत, टॉवरमधून दिसले पाहिजेत. एक मोठं माणूस फक्त लहान मुलांकडे, त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करायच्या जागेत, गाड्या, गोल्फ कार्ट, ट्रेलर सगळं सतत फिरत असतं आणि हेल्मेटमधल्या माणसाला चार फुटांचं पोर दिसत नाही.

कानाला मफ सगळ्यांना, बाळ असेल तर आधी त्याला. भारतातून आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही आणा पण सावलीचा तंबू, खुर्च्या, पाणी नि डबा घेऊन, कारण दोन रनमध्ये तासभर जाऊ शकतो आणि ट्रॅकवरच्या बर्गरवर आजीचा दिवस निघणार नाही. मुलांना आत न्यायचं तर आईवडिलांची सही असलेला वेगळा फॉर्म लागतो, आणि स्टार्ट लाइनजवळ किती वयापासून सोडतात हे प्रत्येक ट्रॅकचं वेगळं असतं.

मुलांनाच चालवायचं असेल तर एनएचआरएची ज्युनिअर लीग ५ ते १७ वयासाठी आहे, छोट्या ड्रॅगस्टर, एक अष्टमांश मैल. पण ते वेगळं खातं आहे, वेगळा खर्च आहे. आधी वर्षभर क्लासिक गाडीसोबत येऊ द्या, आवड टिकते का बघा.

## टप्पा ४: पहिल्या दिवशी रेस नको

पहिल्यांदा जाल तेव्हा टेस्ट अँड ट्यूनच्या दिवशी जा, म्हणजे नुसतं पळवायचं, कोणी हरत-जिंकत नाही. न्यूजर्सीत आयलंड ड्रॅगवे आहे, पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्ह, बे एरियातल्यांना सोनोमा. न्यूजर्सीतल्या आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून इंग्लिशटाउनच असतं, पण तिथलं ड्रॅग रेसिंग २०१८ मध्येच बंद झालं. वेळ आणि फी फोनवर विचारून घ्या.

पोचल्यावर डिकी आणि आतलं सगळं बाहेर काढा. स्पेअर टायर, जॅक, मुलांच्या बाटल्या, ड्रायव्हरच्या पायाखालचं सुटं मॅट तर नक्कीच, ते पुढे सरकून पेडलखाली अडकतं. मग टेक, मग टायरची हवा. रेडियल टायर असतील तर मागच्या चाकांतली हवा रस्त्याच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय कमी करून सुरुवात करा आणि तो आकडा दिवसभर बदलू नका. पुढच्या चाकांची तशीच ठेवा.

तपासा: लाइनमध्ये जायच्या आधी गाडी बंद करून, बसल्या जागी एकदा सराव करा: ॲक्सिलरेटर अडकला तर काय? न्यूट्रल, मग इग्निशन बंद, मग ब्रेक. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, ते हाताला आणि पायाला आधीच माहीत असू दे.

## टप्पा ५: पाणी, स्टेजिंग, दिवा

स्टेजिंग लेनमध्ये, म्हणजे स्टार्टच्या आधीच्या रांगेत, तुमच्यापुढे दोन गाड्या राहिल्या की बेल्ट, हेल्मेट, काचा वर. एसी असेल तर बंद, नाहीतर त्याचं पाणी स्टार्ट लाइनवर ठिबकतं आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. समोर पाण्याचा डबका दिसतो, टीव्हीवर सगळे त्यातच चाक फिरवतात, म्हणून नवीन माणूस आपली नक्षीवाली गाडी सरळ पाण्यात घालतो. ते पाणी स्लिकवाल्यांसाठी आहे. नक्षीच्या खाचांत पाणी भरतं, ते थेट स्टार्ट लाइनवर जातं आणि तुमची चाकं तिथेच फिरत बसतात, शिवाय मागच्याचाही ट्रॅक ओला. तुम्ही पाण्याला वळसा घालून पुढे जा, कोरड्या जागी चाकं अगदी जराशी फिरवून खडे झटका, बस. धुराचा फोटो काढायचा असेल तर तो दुसऱ्या कोणाचा काढा.

मग स्टेजिंग. दिव्यांच्या खांबावर वरती दोन छोट्या दिव्यांच्या जोड्या असतात. पहिली पेटली म्हणजे लाइन सात इंचांवर आहे. इथे थांबा, समोरचाही इथे येऊ दे. मग ब्रेकवर पाय ठेवून इंच इंच पुढे, दुसरी जोडी पेटली की तिथल्या तिथे थांबा. अजून पुढे गेलात तर वरची जोडी विझते, तसं मुद्दाम करणारे लोक आहेत पण तुम्ही करू नका, कारण दर वेळी तेवढंच पुढे जाणं नवीन माणसाला जमत नाही आणि वेळ बदलत राहते. दुसरी जोडी नुकतीच पेटलेली असताना थांबायचं, प्रत्येक वेळी.

पिवळे तीन दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने पेटतात आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. हिरव्याची वाट बघत बसलात तर उशीर झालाच. तिसरा पिवळा दिसला की सोडायचं, कारण डोळ्यापासून पायापर्यंत आणि पायापासून चाक स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणाच्या बाहेर येईपर्यंत तो अर्धा सेकंद जातोच. फार घाई झाली तर लाल दिवा, मग रेस गेली. लाल आला तरी रन पूर्ण करा, वेळ तर मिळते.

ऑटोमॅटिक गाडी डाव्या पायाने ब्रेक धरून थोड्या आरपीएमवर ठेवतात. आकडा कमीच ठेवा, हजार-बाराशे, आणि दर वेळी तोच. जास्त ठेवला की कधी चाक फिरतं कधी नाही.

सावधान: गाडी मधल्या रेषेकडे जायला लागली तर ॲक्सिलरेटर सोडा. रेषा ओलांडणं लाल दिव्यापेक्षा मोठा गुन्हा आहे, आणि पलीकडे दुसरा माणूस आहे.

शेवटच्या लाइनपर्यंत पाय पूर्ण दाबलेला ठेवा, लाइन ओलांडली की मग हळूहळू ब्रेक. समोरच्या गाडीला आडवं जाऊन वळायचं नाही, ती कुठे आहे हे बघितल्याशिवाय वळायचंच नाही. काही फुटल्यासारखं वाटलं, धूर आला, तर भिंतीच्या कडेला घेऊन थांबा, मधोमध तेल सांडत पुढे नेऊ नका.

## टप्पा ६: टाइम स्लिप वाचायला शिका

परतीच्या रस्त्यावर एक कागद मिळतो आणि बहुतेक लोक त्यातला सगळ्यात खालचा आकडा वाचून खिशात टाकतात. खरं तर बाकीचे आकडे जास्त कामाचे.

वरती रिॲक्शन टाइम असतो. तो तुमच्या गाडीच्या वेळेत धरलेला नसतो, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. गाडीचं घड्याळ चाक हलल्यावर सुरू होतं, तुम्ही दिव्यावर दोन सेकंद झोपलात तरी गाडीची वेळ तीच येईल. मग ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट, १००० फूट आणि शेवटी १३२० फूट, आणि वेग.

६० फुटांचा आकडा खराब आणि शेवटचा वेग नेहमीचाच, तर चाकं फिरली किंवा तुम्ही नीट सोडली नाहीत, इंजिनला काही झालेलं नाही. ६० फूट नेहमीसारखं पण वेग पडला, तर हवा तापली, इंजिन तापलं, किंवा पेट्रोल कमी पडतंय. सुरुवातीला गेलेला एक दशांश शेवटी दीड-दोन दशांश होऊन येतो, म्हणून सुधारणा करायची तर ६० फुटांतच करा.

वहीवाल्याने प्रत्येक रनला हे लिहायचं: वेळ किती वाजता, हवेचं तापमान, कुठली लेन, मागच्या टायरची हवा, स्टेज करताना इंजिनचं तापमान, सोडतानाचे आरपीएम, आणि स्लिपवरचे सगळे आकडे. स्लिप वहीत चिकटवा, ऊन लागलं की ती पुसट होते.

इंजिनच्या तापमानाबद्दल दोन शब्द जास्त, कारण कार्ब्युरेटरवाल्या गाडीत सगळा घोळ इथेच होतो. पहिली रन थंड इंजिनवर, दुसरी गरम, तिसरी लाइनमध्ये वीस मिनिटं उन्हात उभी राहून उकळत्या कार्ब्युरेटरवर, आणि मग तक्रार की गाडी रोज वेगळी पळते. रन झाली की बॉनेट उघडा, जमलं तर समोर पंखा लावा, लाइनमध्ये इंजिन बंद ठेवून गाडी ढकला (इथे मुलांचा जोर कामाला येतो) आणि दर वेळी साधारण त्याच तापमानाला स्टेज करा.

## टप्पा ७: आता डायल-इन आणि खरी रेस

सलग चार-पाच रन एकमेकांच्या पाच-सात शतांशांत यायला लागल्या की रेसला नाव द्या, त्याआधी दिलंत तर नुसती एंट्री फी जाते.

डायल-इन लिहिताना आजवरची सगळ्यात भारी वेळ लिहायची नाही, ती बहुतेक कधीतरी थंडीच्या संध्याकाळी आलेली असते. आत्ताच्यासारखी हवा, हीच लेन, हेच तापमान असताना काय आलं होतं ते वहीत शोधा. आणि दुपारच्या आकड्यावर रात्री पळू नका: सूर्य गेला, हवा गार झाली की गाडी लवकर जाते आणि दुपारी १५.२० वाली गाडी रात्री १५.१२ जाऊन ब्रेकआऊट होते. राउंड पुढे जातील तसे मधले वेळ कमी होतात, इंजिन गार व्हायला मिळत नाही, तेही धरा.

काचेवरचा आकडा आणि समोर बोर्डावरचा आकडा एकच आहे ना हे स्टेज करायच्या आधी ड्रायव्हरने बघायचं. वेगळा असेल तर हात वर करून सांगायचं. एकदा स्टेज केलंत की तो आकडा तुम्ही मान्य केला.

समोरचा तुमच्यापेक्षा हळू असेल तर त्याचे दिवे आधी सुटतात. त्याच्या दिव्याकडे बघून पाय सुटतो, हे नवीन लोकांचं नेहमीचं. स्वतःच्या बाजूलाच बघा.

## टप्पा ८: निघताना

मागच्या टायरची हवा परत रस्त्याच्या आकड्यावर आणा, हे विसरून हायवेवर जाणं ट्रॅकवरच्या कशाहीपेक्षा धोक्याचं आहे. चाकाचे नट टॉर्कच्या पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर पुन्हा तपासा. ड्रमजवळ हात न लावता वास घ्या, जळका वास एकाच चाकाचा येत असेल तर तो ब्रेक अडकतोय. गाडीखाली वाकून नवीन गळती बघा, तेल आणि पाण्याची पातळी बघा, सामान परत डिकीत.

काचेवरचं पॉलिश तिथेच ओल्या फडक्याने पुसून टाका, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर ते निघता निघत नाही.